बांधलेली केरसुणी

मुरूममधलं आमचं घर म्हणजे ओळीनं तीन खोल्या आणि खाली शहाबादी फरशी. मधल्या खोलीच्या भिंतीला एक खिळा आहे आणि खिळ्याला केरसुणी. घरातलं कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की अव्वा, म्हणजे माझी आई, ती केरसुणी बांधून ठेवायची. जुन्या इलकल लुगड्याची हिरवी किनार फाडून तिनं पट्टी केली होती. त्या पट्टीचे दोन वेढे, मग गाठ, आणि टोक आत खोचलेलं. माणूस पोचल्याचा फोन आला की गाठ सोडायची, पट्टीची घडी खिळ्यावर ठेवायची आणि मगच घर झाडायला घ्यायची.

माणूस गेल्यावर लगेच केर काढू नये, हे आमच्याकडं सगळेच पाळतात आणि तासाभरात विसरतात. अव्वाला विसरणं जमलं नाही, त्याला कारण होतं. माझे वडील, हवालदार कल्याणप्पा, सुट्टी संपवून निघाले त्या सकाळी पाहुणी आलेल्या आत्यानं एस.टी. सुटायच्या आत घर झाडून काढलं होतं. ती त्यांची शेवटची सुट्टी. पलटणीकडं जाताना डोंगरात गाडी दरीत गेली. अव्वा आत्याला कधी एका शब्दानं बोलली नाही. फक्त तेव्हापासून केरसुणी बांधायला लागली.

तिचं नाव शरणम्मा. लग्नानंतर ती अप्पांबरोबर बबिना, जबलपूर अशा छावण्यांत राहिली. वर्दीला खळ घालायला शिकली, मोडकंतोडकं हिंदी शिकली, आणि रांगत्या गौरीशंकरला, माझ्या धाकट्या भावाला, कडेवर घेऊन परत आली. पुढं गौरीही फौजेत गेला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "एक गेला, तरी दुसरा देतीस व्हय?"

"दिला न्हाय, धाडलाय," अव्वा म्हणाली. "धाडलेलं माघारी येतंय."

यंदा जानेवारीत अव्वा गेली. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवून समाधी दिली. स्वामी म्हणाले, शरणम्मा लिंगैक्य झाल्या, त्यांना आता कुठं जायचं राहिलं नाही. गौरी विधींपुरता थांबला आणि सीमेवरच्या ठाण्याकडं परत निघाला. त्याचं ठाणं एका खिंडीपलीकडं आहे.

त्याला सोडून आले आणि मी केरसुणी हातात घेतली. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय. शिवाय पाहुण्यांच्या येण्याजाण्यानं घरात माती झाली होती.

शेजारच्या मथुराबाई दारात उभ्या राहिल्या. "आगं पोरी, गौरी आजून उमरग्याला बी गेला नसंल. लगीच केरसुणी?"

"मावशी, रेल्वे केरसुणीवर चालत नाही."

"लई शिकलीस. शरणम्माम्होरं बोलली आसतीस का आसं?"

बोलले नसते. पण घर झाडलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर केरसुणी बांधलेली होती.

मला हसू आलं. मथुराबाईंकडं आमची किल्ली असते. मी गाठ सोडायला घेतली आणि थांबले. अव्वा डावखुरी होती. तिच्या गाठीचा पीळ उलटा पडायचा, सोडताना आमची नखं दुखायची. ही गाठ तशीच होती. मथुराबाईंना ती कधी जमली नव्हती, मलाही नाही. त्या दुपारी मी पुन्हापुन्हा बांधून बघितली. प्रत्येक वेळी टोक बाहेर राहिलं.

मी मावशींकडून किल्ली मागून घेतली. त्यांनी कारण विचारलं नाही, आणि ते मला खटकलं.

मग मी रीतसर तपासायचं ठरवलं. केरसुणी सोडून खिळ्याला लावली, समोरच्या फळीवर मोबाइल उभा करून चित्रण सुरू केलं आणि कडी लावून ओट्यावर बसले. दुपारभर आत कुणी गेलं नाही. नंतर चित्रण पाहिलं. भिंत दिसते, खिळा दिसतो, सुटी केरसुणी दिसते. खिडकीतला उन्हाचा तुकडा हळूहळू भिंतीवरून सरकतो. तो केरसुणीवर येतो तेव्हा ती बांधलेली असते. मी ते पुढं-मागं करून पाहिलं. चित्र कुठंही तुटत नाही. आधी सुटी आहे आणि नंतर बांधलेली. मधलं काही नाही.

गौरीचा फोन लागत नव्हता. दर वेळी तीच बाई तेच वाक्य म्हणायची. बातम्यांत खिंडीचा रस्ता हिमवृष्टीनं बंद झाल्याचं सांगत होते. हिमकडा कोसळून एक गाडी गाडली गेल्याचीही बातमी होती, पण कुठल्या पलटणीची ते नव्हतं.

मी केर काढणं बंद केलं. याचं कारण मी स्वतःला विचारलं नाही. फरशीवर धुळीचा थर बसला. गाठीला मी हात लावला नाही. मात्र येता-जाता बघायचे, सुटली का म्हणून.

आठवड्यानंतर एका सकाळी फोन वाजला.

"पोचलो गं अक्का." गौरीच होता. "खिंड बंद होती. वाटंतल्या छावणीत नुसतं बसून खाल्लं. वर्दी आता पोटावर बसंना."

मी नाक ओढलं.

"रडतीस का? आगं, घर झाडलं न्हाईस न्हवं?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग झाड आता. अव्वा आसती तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आधीच केरसुणी सोडली आसती."

मी फोन ठेवला आणि मधल्या खोलीत धावले.

केरसुणी बांधलेलीच होती.

मथुराबाई मागून आल्या. "पोचला न्हवं गौरी?"

"पोचला."

त्यांनी केरसुणीकडं बघितलं आणि उंबऱ्यावर बसल्या. "मंग वाटंत कोण ऱ्हायलंय?"

मी गाठीकडं बघितलं.

"तुझ्या आईला घेऊन समदी निघाली, तवा घर म्याच झाडलं," त्या सावकाश म्हणाल्या. "पाणी टाकून. मानसं गल्लीतनं भाईर पडायच्या आत."

"तसंच करतात की, मावशी."

"करत्यात."

मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि घरी गेल्या.

फेब्रुवारी सरत आला. दुपारी पत्रा तापायला लागला. मी धुळीतून वावरत होते. धुळीत पावलं फक्त माझी होती. हे मी रोज बघत होते.

परवा सकाळी उठले तेव्हा केरसुणी सुटलेली होती. पट्टीची घडी खिळ्यावर नव्हती. खाली नव्हती, कपाटात नव्हती, अव्वाच्या पेटीत नव्हती. तरी मला हलकं वाटलं. अव्वा पोचली, असं मी मोठ्यानं म्हणाले.

दुपारी गौरीचा फोन आला.

"अक्का, माझ्या पिठ्ठूला अव्वाची पट्टी तू बांधली व्हतीस का?"

पिठ्ठू म्हणजे त्याची पाठीवरची पिशवी.

"कुठली पट्टी?"

"हिरवी. लुगड्याची. काल राती पिठ्ठू भरला तवा नव्हती. सकाळी बघतो तर बांधलेली. गाठ सुटंना. नखं दुखाय लागली." तो हसला, पण ते हसणं नीट नव्हतं. "आत्ता गस्तीला निघायचंय. कापू का?"

"कापू नकोस." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "परत येईपर्यंत राहू दे. आणि आलास की फोन कर."

"आगदी अव्वावानी बोलतीस," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मी मधल्या खोलीत गेले. खिळ्याखालच्या फरशीवर ओल होती. तिथली धूळ भिजून काळी पडली होती. ओलीच्या मधोमध, चिंचोक्याएवढं, पांढरं काही पडलं होतं. बाहेर पत्रा तडतडत होता. मी वाकून बोट लावलं.

बर्फ होता. वितळत होता.

मी पुसला नाही. गौरी अजून परतायचा होता.