एकाच ड्रमला घाम

सकाळी रसायनांचं कोठार उघडण्याआधी सुरक्षा अधिकारी मृदुला चेंदवणकरने दारावरच्या स्क्रीनवरची सूचना वाचली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ‘पेरॉक्साइड साठवण : कमाल चौदा अंश. नवी मर्यादा आज दुपारपासून.’ गेल्या वर्षी हाच आकडा दहा होता. दिवाळीनंतर बारा झाला, तेव्हा ती गप्प बसली होती.

पूर्वी प्रत्येक रसायनाचं माहितीपत्रक लाल फायलीत असे. आता ‘जाणता’ होता, म्हणजे साडेतीनशे कारखान्यांतल्या नोंदी वाचून स्वतःला रोज सुधारणारा, बोलणारा संगणकी संदर्भग्रंथ. हल्ली तो मृदुलाला जरा जास्तच शहाणा वाटू लागला होता. पेरॉक्साइड तापलं की आपोआप विघटन पावतं, त्यातून आणखी उष्णता निघते आणि मग ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. भिंतीपलीकडे पॅकिंगला बावीस बायका बसत. वीज वाचवायला मोठ्या साहेबांनीच हा आकडा चढवून घेतला असणार, अशी तिला दाट शंका होती.

“मर्यादा कुणी वाढवली?” तिने विचारलं.

“मीच,” जाणता म्हणाला. “वर्षभरात कुठूनही ड्रम तापल्याची नोंद नाही. जुनी मर्यादा विनाकारण कडक होती.”

कुठूनही नाही? हे तिला पटेना. ती आत शिरली. कोपऱ्यातल्या एका ड्रमवर पाण्याचे ओघळ होते आणि त्याचं झाकण किंचित वर आलेलं होतं. तिने कोठार सांभाळणाऱ्या भुवडमामांना हाक मारली.

“मामा, याच्यावर पाणी कुणी मारलं?”

“घाम असंल मॅडम, थंडीचा.”

“एकाच ड्रमला घाम येतो होय?”

मामांनी मान खाली घातली. “काल फुगला व्हता. पाणी मारलं, बसला. गणपतीपासून तिसरी खेप ही.”

“आणि नोंद?”

“नोंद केली तर फळ्यावरचा आकडा शून्यावं जातो. तीनशेला सहाच दिस ऱ्हायलेत. सगळी मटण-वड्यांकडं डोळं लावून बसलीत.”

मृदुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अपघाताविना गेलेले दिवस मोजणारा तो फळा तिनेच लावला होता. दर शंभर दिवसांना जेवण, हीही तिचीच हौस. इतर कारखान्यांनीही कौतुकाने तिची नक्कल करून तसेच फळे लावले होते. संशय साहेबांवर घेत बसली आणि चोर निघाला स्वतःच्याच घरात.

तिने आधी शीतयंत्र हाताने दहा अंशांवर आणलं, पलीकडच्या बायकांना बाहेर काढलं. मग तिन्ही घटना तारखांसकट एकाच नोंदीत लिहिल्या आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

जाणत्याने नोंद वाचली.

“आभारी आहे. साडेतीनशे कारखान्यांतून वर्षभरात आलेली ड्रम तापल्याची ही एकमेव नोंद आहे. ती चुकून झाली असं समजून वगळू का?”