पाण्याखालची वाट

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. आम्ही बौद्ध. आमच्या घरात भूतखेत, उतारे, नवस यांना थारा नाही. म्हणूनच मावशी कित्येक वर्षं गप्प होती.

साल २००३. ऑक्टोबरमधला दुसरा रविवार. वेळ संध्याकाळी पावणेसहाची.

संध्यामावशी तेव्हा किन्हवलीला शाळेत शिकवायची. गावापासून तीन किलोमीटरवर, मुरबाडच्या अंगाला एक तलाव आहे. पाऊस सरला की तिथे लांबलांबून पक्षी उतरतात. चिखलात चोच खुपसत फिरणाऱ्या तुताऱ्या, लांब लाल पायांचे शेकाटे, शेपटी हलवणारे धोबी. कल्याणच्या पक्षीमित्रांनी गावाशी बोलून तलाव राखीव केला होता. राखणीला राघो नावाचा शेतकरी ठेवला होता. दर रविवारी पक्षी मोजायचं काम मावशीकडे.

त्या वर्षी पक्षी कमी भरत होते. त्यात काठावर तिला नायलॉनचा एक फासा सापडला.

"जुना असंल, बाई," राघो म्हणाला आणि फासा खिशात घातला.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली.

मग तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. बरोबर पावणेसहाला पलीकडच्या काठावरचे पक्षी उठायचे. वरून ससाणा आला तर सगळा तलाव एकदम उडतो. माणूस चालत आला तर जवळचे आधी उठतात, मग त्यांच्या पुढचे. हे एकामागून एक उठत होते.

म्हणजे माणूस. पण बांधावरून पाणकणसाच्या आड तो दिसत नव्हता.

आणि नेमका त्याच वेळी राघो मोहाच्या झाडाखाली जाऊन, तलावाकडे पाठ करून, विडी ओढत बसायचा.

कुंपणच शेत खातंय, असं मावशीने मनाशी ठरवूनच टाकलं. पक्षी बघताना लपायला काठ्यापेंढ्याची एक खोपी होती. ती तिने अलीकडच्या काठावर, अगदी पाण्याच्या तोंडाशी हलवायला सांगितली.

"तिथं नको, बाई. ती वाट हाय."

"तलावात कसली वाट, राघोदादा?"

"तलाव व्हायच्या आधीची."

"कोणाची?"

राघो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "वाट अडवू नये कुणाची. अडवली तर ते अडवणाऱ्याच्या मागं लागतं."

चोराची थाप, मावशीला वाटलं. खोपी हलली. त्याच आठवड्यात तिने कल्याणला पत्र लिहिलं, राघोला कामावरून काढा म्हणून. राघोची कुणाली तिच्याच वर्गात, सातवीत होती. त्या कामावर पोरीची शाळा चालते, हे मावशीला ठाऊक होतं. तरी लिहिलं. पत्र पिशवीत ठेवलं. रविवारी चोर रंगेहाथ पकडायचा आणि सोमवारी पत्र टपालात टाकायचं.

रविवारी ती पाच वाजताच खोपीत जाऊन बसली. दुर्बीण डोळ्यांना लावली. राघो मोहाखाली बसलेला होता, पाठ करून.

तलावावर नुसता कलकलाट चालला होता.

पावणेसहा झाले आणि...

कलकलाट थांबला.

पलीकडे एक टिटवी ओरडली. तिथल्या तुताऱ्या उठल्या. मावशीने आभाळ पाहिलं. ससाणा नव्हता. तिने दुर्बीण काठावर आणली.

काठावर कोणी नव्हतं.

मग शेकाटे उठले. मग त्यांच्या पुढचे. ती रांग सरळ पाण्यात शिरली होती आणि खोपीकडे येत होती.

मध्यभागी दोन पुरुष पाणी आहे. तिथे बदकं पोहत होती. ती बाजूला सरली, मधे पायवाटेएवढी जागा झाली. ते पुढे गेल्यावर बदकं पुन्हा जवळ आली.

पाण्यावर साधी लाटही नव्हती.

मावशीला उठायचं होतं, पण पाय उचलेनात. अलीकडच्या चिखलातले धोबी उडाले. खोपीसमोर पाचेक हातांवर एक बगळा उभा होता. त्याने मान वळवली...

आणि तोही उडाला.

मग काहीच नाही. आवाज नाही, वारा नाही.

फक्त समोरचा पेंढा... हळूहळू आत दबला.

ती किती वेळ तशी बसली, तिला सांगता येत नाही. अंधारताना मागून राघोचा आवाज आला. "बाई, मागचा पेंढा काढलाय मी. मागं सरकत या."

बांधावर आल्यावर मावशी रडली. "राघोदादा, मी तुमच्यावर संशय घेतला. आधीच का नाही सांगितलंत?"

"तुमी हसला असता."

पत्र त्याच रात्री तिने चुलीत घातलं.

पुढच्या रविवारी पावणेसहाला एकही पक्षी उठला नाही. तलाव शांत होता. मावशीला हायसं वाटलं.

"गेलं वाटतं ते," ती म्हणाली.

 राघो तिच्या मागे बघत होता. ती चालत आली होती त्या बांधावर, ती येताना उडालेले धोबी परत येऊन बसले होते.

ते पुन्हा उडाले.

मावशीने दूरच्या गावी बदली मागून घेतली. आणि हे सगळं तिने मला सांगितलं ते २००९ साली, आमच्या शहापूरच्या घरी. माझाही विश्वास बसला नाही. पण ती आली तेव्हा मी ओट्यावरच होते. अंगणात चिमण्या कण्या टिपत होत्या. मावशीच्या पावलांनी त्या उडाल्या, ती ओट्यावर चढल्यावर बसल्या...

आणि पुन्हा उडाल्या.

बोलून झाल्यावर ती लगेच निघाली. मी सवयीने दारात आडवी उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले.

"जेवल्याबिगर नाय सोडायची तुला."

मावशी थांबली. माझ्या हातांकडे बघत राहिली.

"गाडी चुकेल गो," ती म्हणाली. बाजूला हो, असं मात्र म्हणाली नाही.

ती जेवली आणि निघाली. अंगणातल्या चिमण्या उडाल्या, ती पुढे गेल्यावर बसल्या. मी वाट बघत राहिले.

त्या पुन्हा उडाल्या नाहीत.

फाटकाशी मावशीने वळून चिमण्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता भरभर चालू लागली. तिला हाक मारायला मी अंगणात उतरले. चिमण्या उडाल्या. मी फाटकापाशी पोचले, तसा त्या मागे येऊन बसल्याचा चिवचिवाट ऐकू आला.

मी मागे बघितलं नाही.

मागे पुन्हा पंख फडफडले.

दारात मी तिला अडवणार, हे मावशीला आधीच माहीत होतं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. त्या दिवसानंतर ती आमच्या घरी आलेली नाही.