खडूचा ठिपका

"दहापैकी किती दुखतंय?"

"आकडा सांगणार नाही," मी म्हणाले.

त्याचं पेन हवेतच थांबलं. इमर्जन्सीतला नर्स होता तो. उंच, निळ्या गणवेशातला, आणि त्या गणवेशाचा डावा खांदा चांगला अर्धा इंच उतरलेला. पोटात कळ होती तरी माझी नजर आधी तिथेच गेली. काय करणार, कपडे बेतणारीची नजर!

"आकड्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही हो."

"मग नको जाऊ दे. पहिल्यांदा आठ सांगितलं, तर म्हणाले, आठ असतं तर असं बसून बोलला असतात का? दुसऱ्यांदा चार सांगितलं, तर म्हणाले, मग इथे आलात कशाला? आज तिसरी खेप आहे. इंचात विचारा, सांगते."

"इंचात?"

शेजारी बसलेली मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, तिचं मनावर घेऊ नका. एकतिशी आली, लग्नाचं नाव काढू देत नाही. मग मनातलं पोटात उतरतं. झोपेची एखादी गोळी द्या म्हणजे झालं."

"मावशी, तू गोळी घे आणि गप्प बस."

त्याला हसू आलं. ते लपवायला त्याने मान खाली घातली, पण खांद्याने चुगली केलीच.

मी पिशवीतून मापांची वही काढली. शिवणाच्या कारखान्यात मी कापड बेतते. बाई असून सगळे मला 'मास्तर'च म्हणतात. पोटात कळ आली की मी बोटाने जागा पकडायचे, अंगावरच्या कपड्यावर खडूने ठिपका द्यायचे, टेपने माप घ्यायचे आणि तारीख-वेळेसकट वहीत लिहायचे. गिऱ्हाइकाचं माप लिहितात ना, अगदी तसंच. अकरा नोंदी होत्या. बेंबीपासून उजवीकडे अडीच इंच, खाली एक. अकराही वेळा.

"नाटक करणाऱ्या बाईचं माप एकदाही कसं चुकत नाही, ते सांगा बघू ब्रदर," मी म्हणाले.

तो वही वाचत राहिला. मग मी आणलेली माझी जुनी फाईल त्याने उघडली आणि पहिल्याच केसपेपरवर त्याचा चेहरा उतरला. त्या कागदावर लिहिलं होतं – 'रुग्ण घाबरलेली. कारण मानसिक वाटते.' तीन महिने ती ओळ माझ्या मागे लागली होती. पुढच्या प्रत्येकाने आधी ती वाचली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हे..." तो थांबला. "हे अक्षर माझं आहे."

त्या दिवशी त्याने मास्क लावला होता, आणि मी दुखण्याने दुमडलेली होते. तो बोलला नसता तर मला कधी कळलंही नसतं.

"मग मोठ्याने वाचा," मी म्हणाले.

त्याने वाचलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. कान लाल झाले, पण आवाज कापला नाही. मग त्याने त्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली, बाजूला तारीख, वेळ आणि सही केली.

"पूर्ण खोडत का नाही?"

"आमच्याकडे चूक झाकायची नसते. खालचं वाचता आलं पाहिजे, आणि कोणाची चूक तेही." त्याने पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "आमच्याकडच्या प्रतीवरही करतो. माफ करा... मास्तर."

इतका राग जपून आणला होता मी! त्याचं आता करायचं काय, तेच कळेना.

डॉक्टरबाई आल्या त्या माझे आधीचे रिपोर्ट चाळतच. "सगळं नॉर्मल आहे. घरी जा, आराम करा."

"जाणार नाही," मी म्हणाले.

"मॅडम, एकदा ही वही बघा," तो म्हणाला.

"पेशंट खोळंबलेत बाहेर."

"याही पेशंटच आहेत. अकरा वेळा एकच जागा आहे मॅडम. माझी आधीची नोंद चुकीची होती, तसं मी लिहून दिलंय."

बाईंनी एक नजर त्याच्यावर टाकली, एक माझ्या कुडत्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर. मग मला आडवं झोपवून बरोबर तिथे एक बोट ठेवून म्हणाल्या, "हात न टेकता डोकं उचला." मी उचललं आणि अशी किंचाळले की मावशीची पर्स खाली पडली.

"आतल्या अवयवांत काही नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "पोटाच्या स्नायूत नस अडकलीय. ही तपासण्यांत दिसत नाही. बोटालाच सापडते."

इंजेक्शन त्याच ठिपक्यावर दिलं. थोड्या वेळाने कळ ओसरली आणि मी ढसाढसा रडले. दुखणं गेलं म्हणून नव्हे, ते खरं होतं म्हणून.

पुढच्या आठवड्यात तो कारखान्याच्या दारात उभा! हातात तोच निळा गणवेश.

"खांदा अर्धा इंच उतरलाय म्हणे."

"मी कधी म्हणाले?"

"इंजेक्शन देताना. तीनदा!"

खांदा मी वर घेतला. मग बाही आखूड वाटायला लागली, मग कॉलर, मग कधी बटण. एकाच गणवेशाला माणूस किती खेपा घालणार? शेवटी मावशीच म्हणाली, "त्याला ब्रदर म्हणणं तेवढं थांबव गं बाई आता."

त्या दुपारी टेबलापलीकडे तो उगाचच टेप गुंडाळत उभा होता. मी म्हणाले, "ऐका. हे दुखणं परत येऊ शकतं. बाईंनी सांगितलंय. आलं तर मला समजवायचं नाही, कीव करायची नाही. मी दुखतंय म्हटलं की दुखतंय."

त्याने मापांची वही ओढून घेतली. बाराव्या नोंदीच्या जागी लिहिलं – 'ती म्हणेल ते खरं.' खाली तारीख, वेळ, सही.

"यावर रेघ नाही मारता येणार," मी म्हणाले.

"मारायचीच नाहीये."

मी त्याच्या हातातून टेप घेतला. "मग ताठ उभे राहा. कोटाचं माप घ्यायचंय."

"कोट? कशासाठी?"

"आपल्या लग्नासाठी," मी म्हणाले आणि त्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, खडूने ठिपका दिला.