कोपऱ्यावरचे अकरा ब्रेक

बस सुटली, तशी ती तिच्यामागे धावत सुटली. आणि काय नवल, बस थांबली! धापा टाकत ती आत शिरली. चालकाच्या जागेवरचा तरुण दोन्ही हात मांडीवर ठेवून मख्ख चेहऱ्यानं समोर बघत होता.

"थांबवलीत, बरं झालं."

"मी? छे! बस आपली आपणच चालते. मी नुसता शोभेला."

ती होती बिनचालकाची बस. तिच्यामुळे लोकांच्या जगण्यात काय फरक पडतो, याची पाहणी करायला ही धावत आलेली तरुणी रोज सकाळी यायची. भीती वाटते का, वेळ वाचतो का, पुढे कुणीच बसलं नाही तर चालेल का... प्रवाशांना विचारून विचारून तिचा घसा बसायचा. तो पूर्वीचा ड्रायव्हर. आता गरज पडलीच तर ब्रेक दाबायला ठेवलेला. त्याला ठेवायचं की घरी बसवायचं, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं, तरी गप्पा रंगायच्याच.

"खरं सांगा, यंत्र बरं चालवतं?"

"माझ्यापेक्षा बरं. चिडत नाही, शीळ घालत नाही—"

"तुम्ही शीळ घालता?"

"गाडीत कोण बसलंय, त्यावर आहे."

तिनं घाईघाईनं फॉर्ममध्ये डोकं खुपसलं. पण कान लाल व्हायचे ते झालेच.

महिनाअखेरीस बसच्या नोंदी तिच्या हाती आल्या. एकाच कोपऱ्यावर अकरा वेळा ब्रेक. समोर अडथळा काही नाही, ब्रेक कुणी दाबला याची नोंदही नाही. तिथं यंत्राला नीट दिसत नसावं, असं वरिष्ठांनी ठरवूनही टाकलं होतं. तिनं तारखा आपल्या हजेरीशी ताडून पाहिल्या. अकराही दिवस तिला उशीर झालेला!

दुसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, तेव्हा तिनं कागद त्याच्यापुढे धरला.

"हे काय?"

"चोरी पकडली म्हणायची." तो हसला, मग गंभीर झाला. "यंत्र वेळेवर निघायचं, त्यात त्याची काय चूक? पण आरशात तुम्ही धावताना दिसायचात... पाय आपोआप ब्रेकवर जायचा. खरं तेच लिहा. उगाच त्याच्या माथी मारू नका."

"नोकरी जाईल तुमची."

"खोटं लिहिलंत तर तुमची जाईल. मग मी थांबू कुणासाठी?"

तिला हसू आलं, रडूही आलं. हा माणूस आपल्याला फार आवडतो, हे तिला लख्ख कळलं. तिनं कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'प्रवासी धावत येत होती. यंत्र निघालं होतं, माणसानं थांबवलं.' आणि सही न करताच कागदाची घडी घातली.

"सही राहिली—"

"ती दुसरं कुणीतरी करेल. पाहणी करणाऱ्यानं आपल्या माणसाबद्दल अहवाल द्यायचा नाही, असा नियम आहे."

"पण मी कुठे तुमचा..." तो बोलता बोलता अडखळला.

"आज नाही," ती म्हणाली. "पण कागद वर पोहोचेपर्यंत व्हायला हवं. तुमचं काय म्हणणं?"

त्यानं हळूच शीळ घातली. दार आपोआप मिटलं आणि बस ठरल्या वेळी परतीला निघाली. दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.