कंबर दुखते म्हणून विकली

मोटारीचं वेड लागलेला माणूस आपली लाडकी गाडी का विकतो, हे त्याला विचारून कधी कळत नाही. कारणांचा तुटवडा नसतो. कोणी म्हणतो संसार वाढला, दोन सीटांत मावत नाही. कोणी म्हणतो सुटे भाग मिळत नाहीत. कोणी सगळं बायकोवर ढकलून मोकळा होतो. माणिकपूरचा सिप्रियन तुस्कानो म्हणाला, "कंबर दुखते रे. फार खाली बसावं लागतं." आगाशीच्या गुरुदत्त सावेने ते खरं मानलं, कारण त्याला ते खरं मानायचंच होतं.

चोपन्न सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. गाडी लढाईच्या आधीची, विलायती, दोन सीटांची. बाटलीसारखा हिरवा रंग, तारांची चाकं, लांबलचक बॉनेट आणि पुढे नाकावर उभ्या पट्ट्यांची चकचकीत जाळी. देश सोडून निघालेल्या एका रेल्वेच्या साहेबाकडून सिप्रियनने ती घेतली होती आणि सात वर्षं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. माणूस इमारतींची कंत्राटं घेणारा, व्यवहाराला चिवट. पण या सौद्यात त्याने घासाघीस केली नाही. विचारलं ते एवढंच,

"लग्न झालंय ना तुझं?"

"झालं की. तीन वर्षं झाली."

"बायको घरीच असते?"

"मग कुठे असणार?" गुरुदत्त हसला. दोनच सीटा आहेत म्हणून हा चेष्टा करतोय, असं त्याला वाटलं. सिप्रियन हसला नाही. त्याने किल्ली हातावर ठेवली आणि गाडीकडे वळूनही न बघता घरात गेला.

गुरुदत्तची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी होती. वडील गेल्यावर सगळं त्याच्या हाती आलं होतं, आणि वाडीत राबणाऱ्या माणसाला असतं तेवढं शहाणपणही त्याच्याकडे होतं. पण गाडीपुढे ते चालेना. केळी पिकवायच्या वखारीतली अर्धी जागा रिकामी करून त्याने गाडी आत घेतली. सरला, त्याची बायको, दारात उभी राहून म्हणाली, "केळ्यांनी आता कुठे पिकायचं? माझ्या माजघरात?" पण ती हसत होती. तिचे केस गुडघ्यापर्यंत लांब होते. माका आणि कापूरकाचरी घालून आईच्या पद्धतीने ती घरीच तेल कढवायची, आणि ती माजघरातून गेली की मागे तो वास रेंगाळायचा.

आगाशीहून अर्नाळ्याला जाणारा रस्ता बराचसा सरळ, दोन्ही बाजूंना केळी आणि पानवेली. पण खरी मजा पुढे, समुद्रावर. ओहोटीला तिथली ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते. गुरुदत्तने तिथे पहिल्यांदा चौथा गिअर टाकला, काटा सत्तर मैलांवर गेला, आणि त्याला वाटलं, आपण आजवर जगलो ते बैलगाडीतच.

फेरी झाली की गाडी धुवायची ती त्यानेच. दुसऱ्या कोणाला तो हात लावू देत नसे. काडीला चिंधी गुंडाळायची, रॉकेलमध्ये बुडवायची आणि जाळीची एकेक पट्टी साफ करायची. चतुर, चिलटं, पिवळ्या पाण्याने फुटलेले किडे, पंखांचा चुरा. सरला नाकाला पदर लावून "शी! आधी आंघोळ करा आणि मग घरात या," म्हणायची. वेगवान गाडीला हे चिकटणारच. त्यात किळस वाटण्यासारखं काही नव्हतं.

मग जाळीत चरबी यायला लागली.

प्रथम त्याला वाटलं इंजिनाचं ग्रीस. पण ग्रीस काळं असतं. हे पांढुरकं, चिकट, बोटाला ऊब लागणारं. साबणाने निघेना. नखात गेलं की जेवतानाही वास यायचा, जुन्या न धुतलेल्या उशीच्या खोळीला येतो तसा. गुरुदत्त भाताचा घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवायचा. चाकाखाली एखादा मेलेला मासा आला असेल, त्याचे शिंतोडे उडाले असतील, असं त्याने ठरवलं. ठरवलं की माणसाला बरं वाटतं.

माघात एका सकाळी अर्नाळ्याला दोन फेऱ्या मारून त्याने गाडी कोळीवाड्याजवळ थांबवली. काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यावर माश्यांचं मोहोळ होतं. बघता बघता त्या सगळ्या उठल्या. बोंबील सोडून गाडीच्या नाकावर येऊन बसल्या. हिरवा रंग दिसेना.

बोंबील उलटत बसलेली म्हातारी कोळीण मान वर करून म्हणाली, "बाबा, कुनाला ठोकलंस काय?"

"नाही हो आजी."

"मंग पानी मार तिच्यावर. माश्या अशा उगाच नाय उठत."

त्याने माश्या हाकलल्या. जाळीत केस होते. चांगले हातभर लांब, काळे, मुळांसकट. पट्ट्यांत असे गुंतलेले की ओढल्यावर पोटातून काहीतरी निघाल्यासारखे लांबतच राहिले. त्याने ते बोटांनी सोडवले आणि बोटं वाळूत पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

मग तो चाकांच्या खुणांवरून मागे चालत गेला. माणूस हिशेबी होता, डोळ्यांनी बघितल्याशिवाय घाबरणारा नव्हता. ओल्या वाळूवर दोन सरळ रेघा गेल्या होत्या. त्यांच्या आड एकही पाऊल आलं नव्हतं. कोणी पडल्याची खूण नव्हती, रक्त नव्हतं. वाळू कोरी होती.

घरी आला तेव्हा सरला मागच्या पडवीत केस विंचरत बसली होती. मांडीवर गुंतवळाचा गोळा होता, मुठीत न मावणारा.

"हल्ली फार गळतात हो," ती म्हणाली. "आज तर फणी लावायच्या आधीच हातात आले."

गुरुदत्त तसाच मागे वळला. विहिरीवर जाऊन त्याने हात धुतले. धुतल्यावर हुंगले. माका आणि कापूरकाचरी.

एवढ्यावर दुसरा कोणी गाडीजवळ फिरकला नसता. पण वेडाला वकील लागत नाही, ते स्वतःच स्वतःची बाजू मांडतं. बायकोचे केस नवऱ्याच्या कपड्यांना लागतात, कपड्यांचे गाडीला लागतात, असं म्हणून तो दोन दिवसांनी पुन्हा अर्नाळ्याला गेला.

त्या संध्याकाळी पदर सावरताना सरलाचा खांदा दिसला. खांद्यापासून पाठीवर जांभळ्या रेघा उठल्या होत्या. उभ्या, सारख्या अंतरावर.

"कुठे पडलीस?"

"पडतेय कुठे? सकाळी तांदूळ निवडत बसले होते, एकदम धाप लागली. उठले तर हे." तिने पदर ओढून घेतला. तिचा चेहरा हळदीसारखा झाला होता. "मला भीती वाटते हो. डॉक्टरला दाखवू या का?"

डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून बाटलीभर लाल औषध दिलं. गुरुदत्तने वखारीला कुलूप लावलं. आठ दिवस केस गळले नाहीत, वळ पिवळे पडत गेले. मग तो वीस मैलांच्या वेगाने विरारला जाऊन आला. जाळीत काही नव्हतं, सरला ठणठणीत होती. म्हणजे गाडीचा दोष नव्हता, वेगाचा होता. गाडी घरात राहू शकत होती, बैलगाडीसारखी चालवली तर.

इथे थांबायचं होतं. पण खात्री करून घ्यायला म्हणून तो आणखी एकदा समुद्रावर गेला. खात्री कसली? चटक! चौथा गिअर टाकताना त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्याच्या अंगावर सुखाने काटा आला होता. हे त्याला पुढे जन्मभर विसरता आलं नाही.

जाळीत चामडीचा तुकडा होता, रुपयाएवढा. त्यावर केसांची मुळं होती, आणि तो अजून ओला होता.

घरी सरला डोक्याला ओलं फडकं बांधून भिंतीला टेकली होती. फडक्यावर डाग फुटला होता. "काही लागलं नाही हो," ती म्हणत होती, "काहीच लागलं नाही मला." गुरुदत्त वाडीत गेला आणि केळीच्या बुंध्याला धरून ओकला. ज्या हाताने तोंड पुसलं त्या हातालाच रॉकेलचा आणि त्या चरबीचा वास होता. मग तो पुन्हा ओकला.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटायच्या वेळी तो माणिकपूरला सिप्रियनच्या घरी जाऊन बसला. सिप्रियनची बायको मटिल्डा पाणी घेऊन आली. गुटगुटीत, हसरी बाई. डोक्यावर बोटभर केस होते, कापणीनंतरच्या शेतातल्या धसांसारखे, नव्याने उगवलेले. गुरुदत्तच्या तोंडून 'गाडी' हा शब्द निघाला तशी ती पेला तिथेच ठेवून आत गेली.

"कधी सुरू झालं?" सिप्रियनने विचारलं.

"माघात. तुझ्याकडे?"

"पहिली काही वर्षं पेट्रोल रेशनवर, पळवायला कुठे मिळत होतं? गेल्या वर्षापासून."

"विकल्यावर थांबलं?"

"त्याच दिवशी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

सिप्रियनने आतलं दार ओढून घेतलं. "सांगितलं असतं तर घेतली नसतीस?"

गुरुदत्तने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मला रेल्वेच्या साहेबाने सांगितलं होतं," सिप्रियन म्हणाला. "सगळं. त्याची मडम कशी गेली ते पण. मला वाटलं, मी हळू चालवीन."

गुरुदत्तला त्या माणसाची शिसारी आली. स्वतःची त्याहून जास्त आली, पण ती गिळता येते. घरी येऊन त्याने हातोडा आणि रॉकेलचा डबा घेतला आणि तो वखारीत गेला. उन्हाची तिरीप बॉनेटवर पडली होती. कसली सुंदर दिसत होती! त्याचा हात वर गेला, आणि मडगार्डवरची धूळ पुसून खाली आला. गाडी मोडणं त्याला जमणार नव्हतं. ठेवली असती तर आज ना उद्या तो ती पळवणार होता, हेही त्याला कळलं. म्हणून विकायची. माणसं विकतात ती म्हणून.

पण सिप्रियनसारखं नाही. गुरुदत्तने विचारपूर्वक गिऱ्हाईक शोधलं. विरारला भातगिरणी चालवणारा विद्याधर चौधरी, चाळिशीचा, सडाफटिंग. आईबाप गेलेले, बहीण नाही, स्वयंपाकालाही बाई नाही, खाणावळीत जेवणारा. ज्याच्या घरी कोणीच नाही त्याचं गाडी काय बिघडवणार? या शोधावर गुरुदत्त मनातून खूष होता. चांगलं वागल्याचं समाधान होतं ते.

"एवढी छान गाडी विकता कशाला, गुरुदत्तराव?" विद्याधरने विचारलं.

"कंबर दुखते," गुरुदत्त म्हणाला. "फार खाली बसावं लागतं."

सरला सुधारली. महिन्याभरात गालांवर रंग आला. जखम भरली, कडेने कोवळे केस उगवले. ते ताठ उभे राहतात म्हणून आगाशीच्या बाजारातून तिने एक चाप आणला, निळ्या खड्याचा. "मुलीसारखी दिसते ना?" तिने आरशात बघत विचारलं, आणि गुरुदत्तला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं. विद्याधर गिरणीच्या मोसमात अडकला होता. गाडी विरारच्या खड्ड्यांतून गिरणीपर्यंत जायची आणि परत यायची, एवढंच कानावर येत होतं.

चैत्रातल्या एका सकाळी गुरुदत्त फाटकाशी चाफ्याच्या करंड्या बांधत होता. मागच्या पडवीत सरला नारळ खवत होती. खवणीची खरखर घरातून थेट फाटकापर्यंत येत होती. मघाशीच ती सांगून गेली होती, चाप कुठे पडला कोण जाणे, आणि डोकं जरा ठणकतंय.

अर्नाळ्याच्या बाजूने हिरवी गाडी आली आणि फाटकापुढे थांबली. इंजिन चालूच होतं. विद्याधरचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

"गुरुदत्तराव, काय चीज दिलीत! आज पहिल्यांदा समुद्रावर नेली. साठ गाठला. अजून पाणी लांब आहे, पुन्हा जातोय. या वेळी ऐंशी!" त्याने खिशात हात घातला. "अरे हो, सरलावहिनींचं काहीतरी गाडीत राहिलं होतं. पुढे जाळीत अडकलेलं. म्हटलं, परत देऊ."

त्याने गुरुदत्तच्या हातावर ठेवला तो चाप होता. निळ्या खड्याचा.

चाप कोमट होता. त्याच्या दातांत कोवळे केस होते, आणि केसांच्या मुळाशी काहीतरी ओलं.

*लग्न झालंय ना तुझं? बायको घरीच असते?*

सिप्रियन चेष्टा करत नव्हता. नव्या मालकाला बायको नसली, की गाडी जुन्या मालकाच्या बायकोकडे वळत होती.

"विद्याधर! थांब! गाडी परत दे मला, मी..."

"काय म्हणता? ऐकू येत नाही!" विद्याधरने हसून हात हलवला आणि गाडी वळवली.

गुरुदत्त करंड्या तुडवत चार पावलं गाडीमागे धावला. धुळीत काही दिसत नव्हतं. पण त्या इंजिनाचा आवाज त्याच्या कानांना पाठ होता. पहिला.

दुसरा. मागे पडवीत खवणी चालू होती.

तिसरा. खरखर अडखळली, पुन्हा सुरू झाली.

सरळ रस्ता लागला. चौथा गिअर पडला.

खवणीचा आवाज थांबला.