कृपया हात लावा

आमच्या कॉलेजात दरवर्षी वास्तुकलेचं प्रदर्शन भरतं, जोडीला व्याख्यानं असतात, आणि दरवर्षी ते सगळं माझ्याच गळ्यात पडतं. बाकीच्या प्राध्यापकांना नेमका त्याच आठवड्यात ताप येतो. यंदाचा विषय होता ‘सर्वांसाठी कला’. म्हणून मी आमच्याच इमारतीचं टेबलभर लाकडी मॉडेल केलं, बिनछपराचं, खोल्याखोल्यांतून बोटं फिरवता येतील असं. शेजारी पाटी लावली: कृपया हात लावा.

खरं सांगायचं तर ते सर्वांसाठी नव्हतंच. ताईसाठी होतं. आईबाबांच्या माघारी तिनेच मला वाढवलं. दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली आणि तिने घराबाहेर पडणंच सोडलं. ती अशी दिवसदिवस गप्प बसलेली मला बघवत नव्हती.

“मॉडेल कसलं करतोस, ठोंब्या? तुला साधा खिळा ठोकता येत नाही,” ती म्हणाली. पण आली.

“हे फाटक. हा व्हरांडा. ही लायब्ररी. अय्या, खिडक्यासुद्धा केल्यास?” कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच पाटी सरळ करत बसलो.

मागच्या जिन्याशी तिची बोटं थबकली.

“हा खाली कुठे जातो रे?”

“कुठेच नाही. तळमजल्यावर संपतो.”

“चल, काहीतरीच! पायऱ्या लागतायत मला.”

मी वाकून पाहिलं. तिची दोन बोटं पार मुळापर्यंत लाकडात गेली होती. खालची फळी जेमतेम अंगठ्याएवढी जाड. मी टेबलाखाली डोकं घातलं. फळी सपाट, कोरडी, कुठे भोक नाही. लाकडाला चीर गेली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती उठल्यावर त्याच जागी बोट दाबून पाहिलं. लाकूड टणक होतं.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याआधी तयार होऊन बसली होती, ठेवणीतले कपडे घालून. त्या दिवशी तिचा हात मनगटापर्यंत आत गेला. एवढ्याशा जिन्यात अख्खा हात कसा मावला, ते मला आजही सांगता येणार नाही.

“खाली उजेड आहे,” ती हळूच म्हणाली.

“ताई, तुला...”

“दिसत नाही रे. हाताला कळतं. कुणीतरी आहे तिथे. जवळ येतं, लाजतं, मागे सरतं. बिचारं.”

ते मॉडेल तिथल्या तिथे फोडून टाकावंसं वाटलं. पण तिचा चेहरा खुलला होता. आदल्या रात्री ती चार घास जास्त जेवली होती. कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

शेवटच्या संध्याकाळी मोठं व्याख्यान होतं. पाहुणे वास्तुकार सार्वजनिक जागांवर बोलत होते. वेळ केव्हाच संपली होती, पण त्यांना त्याचं काय! आभार मानायचे म्हणून मी उठायच्या तयारीत होतो. सहज मागे पाहिलं, तर ताईची खुर्ची रिकामी.

मी धावलो.

प्रदर्शनाच्या खोलीत ती मॉडेलवर ओणवी झाली होती. गाल लाकडी भिंतींवर टेकलेला. हात खांद्यापर्यंत आत.

“ताई!”

“थांब रे. ओळख होतेय आमची. बोटं धरलीत तिने माझी.”

“हात काढ आधी!”

“ओढू नकोस हं, सांगून ठेवते. ती सोडेल तेव्हाच...”

खांदा आणखी आत सरकला.

मी तिला कमरेला धरलं आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं.

ती सुटली. एकदम, सहज. आतून कुणी ढकलल्यासारखी.

तिकडे हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

गाडीत ती एक शब्द बोलली नाही. हात मांडीवर ठेवून नीट बसून राहिली. रुसली असेल. रुसू दे, म्हटलं, शेजारी तर आहे ना! मला रडू आवरत नव्हतं.

घरी मी कुलूप काढलं. ती माझ्याआधी आत शिरली. वाटेतली खुर्ची तिने बाजूला केली. भिंतीवरची बटणं एकेक दाबून पाहिली. दिवा लागला.

तिने खोलीभर नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं.

“ताई... तुला दिसतंय?”

ती संकोचून हसली.

“घर छान आहे हो तुमचं,” ती म्हणाली. “मी कुठे बसू?”