सोजरबाई आली नाही ती संध्याकाळ

वैशाली, तो पंखा कमी कर. आवाजात नीट सांगता येत नाही.

निरंजन फोटोवाला तुम्हाला आठवणार नाही, हल्ली तो खंडव्याला असतो. बुधवारा बाजारात माझ्या कापड दुकानाला लागून त्याचा स्टुडिओ होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, पण जीव दुसरीकडेच. कुठं शहिदाच्या पुतळ्याला हार पडणार असला की हा गाडी काढून निघालाच. कोणी बोलवायचं नाही, पैसे द्यायचं नाही. मागं उभा राहायचा. फोटो काढायचा. कोण आलं, किती वेळ थांबलं, बघत राहायचा.

जैनाबादच्या पुढं केळीच्या बागांमधे एक गाव आहे. नाव नाही सांगत, माणसं आहेत अजून. तिथल्या चंदनचा पुतळा रस्त्याला लागून. कारगिलात गेला, तेवीस वर्षांचा. दर पंचवीस जुलैला दिवेलागणीला त्याची आई सोजरबाई तिथं दिवा लावायची. निरंजनच्या पहिल्या फोटोत अख्खं गाव, बँडबाजा. मग नुसती शाळेची पोरं. मग चार म्हातारे. शेवटच्या सहा-सात फोटोंत सोजरबाई एकटी.

दोन हजार बावीसच्या एप्रिलात तीही गेली.

पंचवीस जुलै, सोमवार. अमावस्या तीन दिवसांवर. निरंजन दुकानात आला.

"मधुभाऊ, यंदा म्हातारी नाही. मीच दिवा लावून येतो. नऊच्या आत येतो."

तेलाची बाटली घेतली अन् गेला.

पोचला तेव्हा पावणेआठ. पाऊस दुपारीच थांबलेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यानं दिवा लावला. स्टँडवर कॅमेरा लावून फोटो घेतला. मग डोळे मिटून दोन मिनिटं उभा राहिला.

"माय नाही आली का?"

डोळे उघडले. चौथऱ्याच्या पायरीवर एक पोरगा बसलेला. दिव्याचा उजेड त्याच्या गुडघ्यापर्यंत. वर अंधार.

निरंजनला वाटलं, गावातलाच कोणी.

"कोणाची माय, भाऊ?"

"माझी. याच टायमाला येते ती."

...

निरंजन म्हणे, मधुभाऊ, याच टायमाला तिथं एकच माय यायची. अन् मी खोटं बोललो.

"येईल. उशीर झाला असेल."

"बरं. बसतो मग."

स्टँड, कॅमेरा तिथंच टाकून निरंजननं गाडीला किक मारली. सुरूही झाली लगेच. शे-दीडशे पावलं गेला असेल.

अन् थांबला.

"काका, सच्ची? थांबले?"

हो वैशाली बाळ. मी नसतो थांबलो. पण निरंजनच्या घरी वीस वर्षं कुलूप उघडणारा तोच अन् लावणारा तोच. म्हणे, हा बसून राहील. उद्या. पुढच्या वर्षी. मी 'येईल' म्हटलं म्हणून बसून राहील.

गाडी वळवली.

दिव्यापाशी आला. पायरीकडं बघितलं नाही.

"चंदन... आई गेली रे. एप्रिलमधे. झोपेतच गेली. त्रास नाही झाला."

...

केळीचं पान हलेना.

मग, अगदी हळू, "अग्नी कोणी दिला?"

"तुझ्या चुलतभावानं."

...

...

बऱ्याच वेळानं निरंजननं मान वर केली. दिवा जळत होता. पायरी रिकामी.

साडेनऊला त्यानं माझं दार वाजवलं. अंग बर्फासारखं. रात्रभर आमच्याकडंच बसला. मी म्हटलं, अरे, कोण्या टवाळ पोरानं मजाक केली असेल.

पहाटे स्टँड आणायला आम्ही दोघं गेलो. रात्री पाऊस होऊन गेलेला. रस्त्याकडेला नुसता चिखल, अन् त्या चिखलात आमच्याशिवाय कोणाचं पाऊल नाही. स्टँड जागच्या जागी, निथळत होता. निरंजननं कॅमेरा पुसला, डोळ्याला लावला... अन् खाली घेतला.

दोन्ही हात जोडले त्यानं.

तो बघत होता तिकडं मी बघितलं.

पायरीवर केस होते. आईबाप गेल्यावर मुलगा केस उतरवतो ना, तसे, एका डोक्याचे सगळे. फौजी कटिंगचे, पेरभर.

काळेभोर. अन् कोरडे.